क्लच जड लागतोय

२ फेब्रुवारी, रविवार

आज मी 'हेल्मेटसक्ती हटाव समिती'चा चिटणीस झालो. निवडून वगैरे काही आलो नाही. अध्यक्षांनी विचारलं, "चिटणीस कोण होणार?" आणि सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मला राहवेना, मी हात वर केला. अध्यक्ष म्हणाले, "उत्तम. तुमचं अक्षर चांगलं आहे, आणि तुमच्या फोटो स्टुडिओत खुर्च्याही आहेत." म्हणजे यापुढे सभा माझ्याकडे आणि चहाही माझ्याच माथी.

अध्यक्षांचं टायरचं दुकान आहे. माणूस बोलायला लागला की समोरचा मान डोलवायला लागतो, पटो न पटो. पुढच्या निवडणुकीला उभे राहणार असं लोक म्हणतात, ते स्वतः म्हणतात, "छे छे." खजिनदार पाना. पाना म्हणजे आमचा गॅरेजवाला. खिशात सदानकदा पाना असतो म्हणून हे नाव पडलं, खरं नाव त्याच्या बायकोलाच ठाऊक असेल.

समितीच्या वहीत काय ठरलं ते लिहायचं. या वहीत मला काय वाटलं ते.

तर वाटतं ते असं. नवीन वर्षापासून पालिकेने मोटरसायकलवाल्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. तीस वर्षं गाडी चालवतोय, कुणाला कधी ओरखडा काढला नाही. आता कोपऱ्याकोपऱ्यावर शिट्टी, दंड, आणि वर फुकटचा उपदेश. ज्याला घालायचं त्याने घालावं, मी कुणाचं ओढून काढायला जात नाही. पण माझ्या डोक्याचं काय करायचं ते सांगणारी पालिका कोण? १४ मार्चला सभागृहात जाहीर सुनावणी आहे आणि लगेच मतदान. समितीतर्फे मी बोलायचं ठरलं. मी म्हटलं, "बोलू की!"

घरी येऊन हिला सांगितलं. ही औषधांच्या दुकानात कामाला आहे. स्कूटरवर जाते आणि हेल्मेट घालून जाते, कायदा यायच्याही आधीपासून. म्हणाली, "'आमचं डोकं, आमचा निर्णय' अशी घोषणा आहे ना तुमची? मग निर्णय घेताना ते डोकं वापरा म्हणजे झालं."

हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

लिहू की नको? लिहितो. इथे तरी खरं लिहायला काय हरकत आहे.

२३ तारखेला आम्ही 'संथ फेरी' काढणार आहोत. कल्पना माझीच. दोनशे-अडीचशे मोटरसायकली, सगळे उघड्या डोक्याने, माणूस चालतो त्याहूनही हळू, आणि पाय जमिनीला टेकायचा नाही. वेगात काय, कुणीही जातो. हळू चालवायला ताबा लागतो. ज्याचा गाडीवर एवढा ताबा आहे त्याला हेल्मेट कशाला, हे लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. तरुणपणी मी संथ चालवण्याच्या शर्यती मारल्या आहेत. सगळी करामत डाव्या हाताच्या क्लचमध्ये असते. अर्धा सोडायचा, जरा दाबायचा, परत सोडायचा. फेरीच्या पुढे मीच राहणार.

आज पानाच्या गॅरेजमागे सराव करत होतो. गाडी जवळजवळ उभीच. वाळूवर पुढचं चाक सरकलं, हँडल वळलं आणि मी उजव्या अंगावर आडवा. ओट्याच्या कडेवर डोकं आपटलं, उजव्या कानाच्या जरा वर. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाना म्हणतो मी थोडा वेळ बेशुद्ध होतो. काहीतरीच. डोळे मिटून पडलो होतो एवढंच. रक्त नाही, काही नाही, एक टेंगूळ.

पाना म्हणाला, "दादा, चला डॉक्टरकडे."

"वेडा आहेस का? हेल्मेटसक्ती हटाव समितीचा चिटणीस पडला, आणि तोही उभ्या गाडीवरून! गाव हसून हसून लोळेल. अध्यक्ष मला कच्चा खातील." त्याला मुलांची शपथ घातली. बिचारा गप्प बसला, पण चेहरा उतरलेला होता.

हिला सांगितलं, स्टुडिओतल्या कपाटाचं दार लागलं. हिने टेंगूळ चाचपलं, मग माझ्याकडे बघत राहिली. "उलटीबिलटी झाली का?" म्हणाली. मी म्हटलं, "कपाटाच्या दाराने कुणाला उलट्या होतात?" मग बर्फ आणून दिला.

खोटं बोलताना कान गरम झाले. पण दुसरं काय करणार होतो?

९ फेब्रुवारी, रविवार

टेंगूळ बसलं. सुटलो बुवा! उगाच चार दिवस जीव टांगणीला लागला होता. आजच्या सभेला सत्तर माणसं आली, खुर्च्या कमी पडल्या. पाना कोपऱ्यात बसून माझ्या डोक्याकडे बघत होता. मी डोळ्यांनीच दटावलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तीन-चार दिवस डोकं दुखतंय. सकाळी उठल्यावर जास्त, दिवसभर मंद. चष्म्याचा नंबर बदलला असणार. शिवाय भाषणाची धास्ती. रोज चार ओळी लिहितो आणि सहा खोडतो.

हिच्या दुकानातून गोळ्या घेतल्या तर हिला कळेल, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून आणल्या. तरी हिने पाकीट पकडलंच. "ही कशाला आणलीत? ही रक्त पातळ करते. आणि तुमच्या डोक्याला ते दार लागलं होतं..."

"त्याला बारा वर्षं झाली!"

"दारच लागलं होतं ना हो?"

मी ओरडलो. नको होतं ओरडायला. ही गोळ्या घेऊन गेली आणि दुसऱ्या आणून दिल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

फेरी झाली. लोक गच्च्यांतून बघत होते, पोरं टाळ्या वाजवत होती. एका वार्ताहराने माझी मुलाखतही घेतली. सगळं कसं झोकात झालं असं लिहिणार होतो, पण माझा पाय टेकला. दोनदा. तोही डावा. अध्यक्ष मागून आले आणि ओठ न हलवता म्हणाले, "चिटणीस, फोटो काढतायत लोक."

लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्लच दगडासारखा जड लागत होता. दाबलेला कधी सुटायचा तेच कळत नव्हतं. केबल गेली असणार. पानाला सांगितलं, बदलून टाक.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पानाने नवी केबल टाकली. तरी क्लच जड लागतोय. बाजारात हल्ली माल खोटाच येतो. पाना म्हणाला, "मी चालवून पाहिली दादा, लोण्यासारखा आहे क्लच." मी म्हटलं, "मग तुझी बोटं लोखंडाची आहेत." तो हसला नाही. एरवी माझ्या फालतू विनोदालाही हसणारा माणूस.

स्टुडिओत कटकट. एक बाई पासपोर्टचे फोटो परत घेऊन आल्या. "माझा एक खांदा कुठे आहे?" म्हणतात. बघतो तर खरंच, चेहरा फोटोच्या कडेला चिकटलेला, एक कान कापलेला. परवा एका गृहस्थांचंही असंच झालं होतं. कॅमेऱ्याचा स्टँड कलला असणार. दोन्ही वेळा फुकट काढून दिले. आजवर असे फोटो मी काढलेले नाहीत, हात भरून आले की काय कोण जाणे.

१ मार्च, शनिवार

हिने एक नवं खूळ काढलंय. जेवताना मध्येच माझं ताट फिरवते. मी भात संपवून हात धुवायला उठलो की म्हणते, "थांबा," आणि ताट गर्रकन फिरवते, तर समोर भाजी. मघाशी नव्हती, देवाशप्पथ. मी म्हटलं, "आधी सगळं एकदम वाढत जा ना." ही म्हणाली, "हो, वाढत जाईन." डोळे भरून आले होते हिचे. भाजीवरून कुणी रडतं का?

दाढी करून बाहेर आलो तर म्हणते, "डावा गाल राहिलाय." राहिला होता खरा. भाषणाच्या नादात होतो.

डाव्या पायातली चप्पल सारखी निसटते. नवीन घ्यायला हवी.

४ मार्च, मंगळवार

मला संशय येतोय आणि लिहायला हात धजत नाही. ही मागच्या गॅलरीत जाऊन कुणाशी तरी फोनवर कुजबुजते. मी गेलो की "ठेवते" म्हणून ठेवते. आज दारामागून ऐकलं: "नाही, ऐकतच नाहीत... चौदा तारखेच्या आत काहीतरी केलं पाहिजे... त्यांना कळू न देता." चौदा तारखेच्या आत म्हणजे सुनावणीच्या आत! हेल्मेटवाल्या मंडळींनी माझ्याच घरात माणूस पेरला की काय? सत्तावीस वर्षांचा संसार! ही असं करणार नाही. पण मग कुजबूज कसली?

आज जिन्यात डावीकडच्या भिंतीला धडकलो. ही वही पण फसवी निघाली, पानं अरुंद आहेत, ओळ सुरू केली की संपतेच.

७ मार्च, शुक्रवार

कळलं! सगळं कळलं, आणि कुठे तोंड लपवू असं झालं.

ही म्हणाली, "चला, चष्म्याचा नंबर काढून येऊ." म्हटलं चला. तिसऱ्या मजल्यावर नेलं, बाकावर बसवलं. खोलीवर पाटी वाचली तर डोळ्यांचा डॉक्टर नव्हेच, मेंदूचा. फोनवर ही त्याच्याशीच बोलत होती. माझं डोकंच फिरलं. मी काय वेडा झालोय? पण आत गेल्याशिवाय ही सोडणार नव्हती.

डॉक्टर तरुण, पण बरा वाटला. माझे दोन्ही हात पुढे धरायला लावले, डोळे मिटायला सांगितले. मग हिच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "अलीकडे पडला होता का? डोक्याला काही मार?"

ही माझ्याकडे बघत होती. इतकं कळकळीने कुणी माझ्याकडे पाहिल्याचं आठवत नाही. ओठांवर आलं होतं. पण हॉस्पिटल म्हणजे चार लोक, चार लोक म्हणजे वार्ताहर, आणि सुनावणीला एक आठवडा. मी म्हटलं, "नाही. कपाटाचं दार लागलं होतं, महिना झाला."

डॉक्टर म्हणाला, तरी आजच स्कॅन करून टाकू. मी म्हटलं, चौदानंतर. तो बरंच काही म्हणाला, मी उठून चालायला लागलो. ही मागून आली. स्कूटरवर बसताना हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाली, "तुम्हाला काही झालं ना, तर मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही."

घाबरलोय मी. पण आठवडाच तर आहे.

९ मार्च, रविवार

पाना दुपारी स्टुडिओत आला. दार लावून घेतलं आणि म्हणाला, "दादा, केबल चांगली आहे. क्लच चांगला आहे. दोष तुमच्या हातात आहे, आणि तो त्या दिवसापासून आहे. मी वहिनींना सांगणार."

त्याला कसाबसा थोपवला आणि दोघं अध्यक्षांकडे गेलो. टायरच्या ढिगाशेजारी उभं राहून मी सगळं सांगून टाकलं. मन हलकं झालं. अध्यक्ष रागावतील वाटलं होतं, पण नाही! त्यांनी मला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "चिटणीस, आधी तब्येत. चळवळ नंतर." केवढा मोठा माणूस!

मग म्हणाले, "फक्त एवढं बघा. हॉस्पिटलात पहिला प्रश्न काय विचारतील? हेल्मेट होतं का? दुसऱ्या दिवशी पेपरात. शेवटी तुमचीच इच्छा, मी कोण सांगणार. पण महिना काढलात, पाच दिवसांनी काय होतंय? सुनावणी झाली की मी स्वतः गाडीत घालून नेतो. तोवर विश्रांती घ्या. आणि वहिनींना उगाच घोर लावू नका."

पाना म्हणाला, "अध्यक्ष, यांना आत्ता नेलं पाहिजे." अध्यक्ष हसून म्हणाले, "तू डॉक्टर कधीपासून झालास रे?"

मला अध्यक्षांचं पटलं. कुणी इतक्या मायेने बोललं की बरं वाटतं.

१२ मार्च, बुधवार

झोप फार येते. आज सभा आहे. ही म्हणते सभा काल झाली आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या झोपलो होतो. थट्टा करत असेल. ही थट्टा करत नाही हल्ली.

रोज झोपेतून हलवून उठवते आणि विचारते, "मी कोण?" मी म्हटलं, "बायको, अजून कोण!" तर म्हणते, "बरं, झोपा."

आज सभा आहे. खुर्च्या मांडायला हव्यात.

भाषण तयार आहे. चांगलं झालंय.

१४ मार्च, शुक्रवार

अध्यक्षांची गाडी खाली आली आहे. ही दुकानात गेली. बुटाच्या नाडीशी भांडून थकलो, तशीच राहू दे. डोकं आज दुखत नाही, नुसतं जड आहे. सगळं ठीक होईल.

१९ मार्च, बुधवार

हॉस्पिटल. ही वही मी मागितली, हिने आणून दिली. डोक्याला पट्टी आहे, दोन भोकं पाडून आतलं रक्त काढलं म्हणतात. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये थेंब थेंब साठत होतं, तेही पाच फेब्रुवारीपासून. डॉक्टर म्हणाला, "अजून एक रात्र घरी काढली असतीत तर आपण हे बोलत नसतो." परत साठू शकतं म्हणे. सोमवारी पुन्हा स्कॅन.

त्या दिवशीचं मला थोडंच आठवतं, बाकी पानाने सांगितलं. सभागृह भरलेलं होतं. मी माइकसमोर उभा राहून भाषण वाचत होतो, आणि मला ते अगदी ठणठणीत वाटत होतं. पाना सांगतो, मी प्रत्येक ओळ अर्ध्यातूनच वाचत होतो. कागदाचा डावा भाग मला दिसतच नव्हता. "...निर्णय आहे आणि... पालिकेने तो... डोक्यावर..." असं काहीबाही. आधी कुणीतरी हसलं, मग सगळे चिडीचूप झाले. अध्यक्ष टाळ्या वाजवत पुढे आले, "चिटणीसांना भावना अनावर झाल्या आहेत," म्हणाले, आणि माझा दंड धरून मागच्या दाराकडे न्यायला लागले.

दारात ही उभी. दुकानातला पांढरा कोट अंगात, डोक्यावर हेल्मेट तसंच. पाना सकाळीच शपथ मोडून हिच्या दुकानात गेला होता. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, अर्ध्या तासात मतदान आहे. फक्त अर्धा तास. मग मी स्वतः नेतो."

हे मला आठवतं. हिने त्यांचा हात माझ्या दंडावरून काढला, आणि माझी बायको, जिला शेजारणीशी मोठ्याने बोलायला संकोच वाटतो, ती भर सभागृहात ओरडली: "हे गाडीवरून पडलेत! डोक्याला मार लागलाय, महिना उलटून गेलाय! कुणीतरी अँब्युलन्स बोलवा!"

बोलावली ती सक्तीच्या बाजूच्या एका नगरसेविकेने. मतदान चोवीस तारखेवर गेलं.

पाना हे सांगताना रडत होता. "दादा, त्याच दिवशी सांगायला हवं होतं मी." मी म्हटलं, "मुलांची शपथ मीच घातली होती ना." मला त्याच्याकडे बघवेना.

२१ मार्च, शुक्रवार

दुपारी अध्यक्ष आले. फळं घेऊन. ही कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती, त्यांनी नमस्कार केला, हिने मान हलवली. तब्येतीची चौकशी झाली. मग खुर्ची जवळ ओढली.

"चिटणीस, वाईटातून चांगलं निघतं बघा. पडलात हे आता जगाला कळलंय, ते लपत नाही. पण कसे पडलात हे कुणाला माहीत आहे? तुम्हाला आणि पानाला."

"मग?"

"हेल्मेट होतं म्हणायचं."

मला आधी उमगलंच नाही. ते पुढे सांगत राहिले, आवाज मऊ, अगदी तस्साच जसा टायरच्या दुकानात होता. हेल्मेट घालून, उभ्या गाडीवरून पडून, डोक्यात रक्त साठलं! मग हेल्मेटचा उपयोग काय? सोमवारी ठराव आपला. वार्ताहर बाहेर उभा आहे. दोन वाक्यं. पानाचं ते बघून घेतील.

खोटं कशाला लिहू, मोह झाला. दीड महिना ज्यासाठी घालवला ते समोर आयतं वाढून ठेवलं होतं. शिवाय मूर्ख ठरण्यातूनही सुटका होती. हेल्मेट घालून पडलेला माणूस दुर्दैवी ठरतो; न घालता पडून, ते लपवून, भाषणात अर्ध्या ओळी वाचणारा माणूस गाढव ठरतो. मी हिच्याकडे पाहिलं. ही खिडकीबाहेर बघत होती. "नको" म्हणाली नाही, काहीच म्हणाली नाही. म्हणाली असती तर कदाचित मी हट्टाने तेच केलं असतं, इतका मी स्वतःला ओळखतो.

वार्ताहर आत आला. तोच, फेरीच्या दिवशी मुलाखत घेणारा. विचारलं, "पडलात तेव्हा हेल्मेट होतं?"

मी म्हटलं, "नव्हतं. ओट्यावर डोकं आपटलं. डॉक्टरने तोंडावर विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, बायकोशी रोज खोटं बोललो, आणि मरता मरता वाचलो. लिहा."

अध्यक्ष उभे राहिले. "यांना औषधांची गुंगी आहे," म्हणाले.

"गुंगी नाही. आणि हेही लिहा, की सक्ती मला अजूनही पटत नाही. दंड घेऊन शहाणपण येत नाही. पण मी काही सुरक्षिततेचं उदाहरण नाही, हेही खरं."

वार्ताहर गोंधळला. म्हणाला, "मग तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे?" मी म्हटलं, "मला माहीत नाही. मला पडून राहू द्या."

अध्यक्ष गेले. जाताना म्हणाले, "चिटणीस, तुम्ही आम्हाला बुडवलंत." बुडालो असूच. अडीचशे लोकांना मी गाडीवर उघड्या डोक्याने पुढे चला म्हटलं होतं, आणि आज त्यांनाच तोंडघशी पाडलं. वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय. त्यातला एखादा असाच कुठे ओट्यावर आपटला असता तर, हाही विचार आला आणि जाईना.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो. ही उठली, फळं पिशवीतून काढली, परत पिशवीत भरली आणि बाहेर नर्सच्या टेबलावर देऊन आली. परत येऊन खुर्चीत बसली.

मी म्हटलं, "अगं, मला भीती वाटते."

"कशाची?"

"सोमवारच्या स्कॅनची. परत साठलं असलं तर? आणि झोपायचीही भीती वाटते. झोपलो आणि उठलोच नाही तर?"

सत्तावीस वर्षांत असं काही मी हिला कधी सांगितलं नव्हतं. ही जवळ येईल, धीर देईल असं वाटलं होतं. ही माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस विस्कटलेले, पांढरा कोट चुरगळलेला. केव्हा एवढी थकली ही, मला कसं दिसलं नाही?

"महिनाभर तुम्ही ढाराढूर झोपायचात," ही म्हणाली, "आणि मी तुमच्या नाकाशी बोट धरून बसायचे. उजाडलं की दुकानात जायचे. काय झालंय ते तुम्ही सांगत नव्हतात आणि मला कळत होतं. आता तुम्हालाही कळलंय ना? मग आता घाबरायची पाळी तुमची. मी जरा झोपते."

आणि खरंच झोपली. खुर्चीतच, मान भिंतीला टेकून, तोंड अर्धवट उघडं. मी कुशीवर वळून बघत बसलो. चहावाला दारात आला, तोंड उघडणार तेवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं, तर तो पाय न वाजवता पुढच्या खोलीकडे गेला.